जुन्या इंग्लिश इनच्या इमारतीचं खरं वय कसं काढायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही राहता त्या इंग्लंडमधल्या बाजारगावात हमरस्त्यावर एक जुनी इन, म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाची खानावळ, आहे. दारावर १३८० हे वर्ष रंगवलंय, दर्शनी भिंत विटांची, खिडक्या एका रांगेत, आत मात्र काळ्या लाकडी तुळया. मालक सांगतो की तुळया मोडक्या जहाजाच्या आहेत आणि तळघरातून मठापर्यंत भुयार जातं. इनसाठी माहितीफलक लिहायचं काम तुमच्याकडे आलंय, आणि त्यावर नेमकं कोणतं वर्ष घालावं हे तुम्हाला कळत नाहीये.

अडचण अशी की "ही इन किती जुनी?" हा एक प्रश्न नाही, ते चार प्रश्न आहेत. त्या जागेवर मुक्कामाची सोय कधीपासून आहे? आज उभी असलेली इमारत कधीची? तिथे हा धंदा अखंड चालू होता का? आणि पाटीवरचं नाव कधी पडलं? दारावर रंगवलेलं वर्ष बहुतेक वेळा या चारांपैकी सगळ्यात जुना आकडा उचलून इमारतीला चिकटवलेलं असतं. कधी तर चारांपैकी एकाशीही त्याचा संबंध नसतो.

नॉटिंगहॅमची 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम' घ्या. भिंतीवर ११८९ लिहिलंय, कारण त्या वर्षी पहिला रिचर्ड गादीवर आला आणि तो पुढे धर्मयुद्धावर गेला, म्हणून त्याच्या सैनिकांनी इथे घोट घेतला असणार, अशी जोडणी. किल्ल्याच्या कड्यात खोदलेल्या गुहा जुन्या आहेतच. पण आज उभ्या असलेल्या इमारतीचे सर्वात जुने भाग साधारण १६५० ते १६६० मधले आहेत, आणि 'ट्रिप' हे नाव कागदावर थेट १७९९ च्या सुमाराला येतं. जागा, इमारत आणि नाव यांच्यात शतकांचं अंतर आहे, आणि पर्यटक मात्र एकच आकडा घेऊन घरी जातो.

लंडनच्या सदर्कमधली 'जॉर्ज' याहून शिकवणारी. १५४३ च्या नकाशात ती आहे, म्हणजे जागेवरची इन किमान तेवढी जुनी. पण १६७६ च्या सदर्कच्या आगीत ती जळाली आणि १६७७ मध्ये पुन्हा बांधली. चौकाभोवती लाकडी सज्जे असलेली ही रचना बघणारा सहज "मध्ययुगीन!" म्हणेल, आणि चुकेल. पुन्हा बांधणाऱ्यांनी जुनीच पद्धत वापरली, कारण गाड्या चौकात घेणं आणि सज्ज्यातून एकेका खोलीचं दार उघडणं ही सोय तेव्हाही उत्तम चालत होती. १८८९ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने गोदामांसाठी तिचे बाकीचे सोपे पाडले, दक्षिणेचा एकच उरला, आणि १९३७ मध्ये तो नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आला. शैलीवरून वर्ष काढू नये, याचं हे उदाहरण नेहमी डोळ्यांसमोर ठेवा. ग्लॉस्टरची 'न्यू इन' उलट्या बाजूने तेच सांगते: नावात 'न्यू', पण सेंट पीटर मठाने पंधराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेली, आणि दुमजली सज्ज्यांचा चौक अजून जवळपास पूर्ण शाबूत.

तुमच्या इनबद्दल इथे बसून वर्ष सांगता येणार नाही. बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. इन मठाच्या, कॉलेजच्या किंवा मोठ्या जहागिरीच्या मालकीची असेल तर हिशेबाच्या वह्या सापडायची शक्यता चांगली. एकट्यादुकट्या माणसाकडून दारू कंपनीकडे गेलेली असेल तर जुनी खरेदीखतं अनेकदा गेलेलीच असतात, कारण १९२५ च्या मालमत्ता कायद्यानंतर मालकी सिद्ध करायला फार मागचे कागद लागेनासे झाले आणि वकिलांनी ते टाकून दिले. गावाला मोठी आग लागली होती का, हेही आधी बघा. लागली असेल तर आगीच्या आधीचं वर्ष लिहिण्यापूर्वी दहादा विचार करा.

आता कामाला लागू. कागद उघडण्याआधी इमारत बघा, आणि इमारत मागच्या बाजूने बघा. दर्शनी भिंतीवर सगळ्यात कमी विश्वास ठेवायचा. अठराव्या शतकात, विशेषतः १७५१ ते १७७२ या काळात, पथकराच्या रस्त्यांची लाट आली. २ ऑगस्ट १७८४ ला ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी सुटली. घोडागाड्यांचे प्रवासी ओढायची चढाओढ लागली, आणि हमरस्त्यावरच्या इनवाल्यांनी जुन्या लाकडी सांगाड्याला नव्या विटांचा मुखवटा चढवला. पैसा समोर खर्च झाला, मागचं तसंच राहिलं. त्यामुळे परसात उभं राहून वर बघितलं की सरळ कठड्यामागे लपलेलं उंच, तीव्र उताराचं जुनं छप्पर दिसतं.

मुखवटा ओळखायची खात्रीची जागा तळमजल्यावर आहे. जुन्या इमारतीचा वरचा मजला रस्त्याकडे अर्धा-पाऊण मीटर पुढे आलेला असायचा. नवी वीटभिंत त्या पुढे आलेल्या कडेखाली बांधली की तळमजला तेवढा वाढतो. मग आत, दर्शनी भिंतीपासून दोन-तीन फूट आत, भिंतीला समांतर एक जाड तुळई छताखाली विनाकारण गेलेली दिसते. तिच्या खालच्या बाजूला टॉर्च तिरपा धरा. एकसारख्या अंतरावर आयताकृती रिकाम्या खाचा दिसल्या, प्रत्येक खाचेशेजारी लाकडी खुंटीचं गोल भोक असलं आणि दोन खाचांमध्ये बारीक भोकांची रांग असली, तर तुम्ही मूळच्या रस्त्याकडच्या भिंतीचा माथा बघताय. खाचांत उभे खांब होते. बारीक भोकांत कुडाच्या काठ्या रोवून वर माती-शेणाचा गिलावा केलेला होता. आता तिथे बारच्या खुर्च्या आहेत. फलकासाठी हा एक तपशील दहा दंतकथांवर भारी.

याच खाचांमुळे जहाजाची गोष्ट जन्माला येते. रिकाम्या खाचा बघून लोकांना वाटतं की लाकूड आधी दुसरीकडे, म्हणजे जहाजात, असणार. खरं तर दोनच शक्यता जास्त असतात: तिथली भिंत नंतर काढून टाकली, किंवा तुळई दुसऱ्या पाडलेल्या इमारतीतून आणली. जहाजाच्या लाकडाला बाक असतो आणि सांध्यांची पद्धत निराळी असते. समुद्रापासून लांबच्या गावात ओकची झाडं आसपास असताना जहाजाचं लाकूड बैलगाडीने कोण आणेल, हा साधा प्रश्न मालकाला जरूर विचारा. उत्तर मिळणार नाही, पण बिअर मिळेल.

मग पोटमाळा. मध्ययुगीन इमारतीत मोठ्या दालनाला मजलाच नसायचा. मधोमध जमिनीवर चूल आणि धूर छपरापर्यंत. त्यामुळे वासे काजळीने काळे होतात. पण काळं लाकूड दिसलं म्हणून लगेच आनंदू नका, काळा रंग आणि डांबर विसाव्या शतकात भरपूर फासलंय. बघायचं ते सांध्यात. जिथे दोन लाकडं एकमेकांवर बसतात, तिथला झाकलेला भाग स्वच्छ आणि उघडा भाग काळा असेल, तर काजळी त्याच छपरात, त्याच जागी बसली. झाकलेला भागही काळा असेल, तर लाकूड धुराच्या दुसऱ्या घरातून आलंय. सुतारांनी कोरलेले रोमन आकडेही इथेच सापडतात: जमिनीवर सांगाडा जुळवून बघताना त्यांनी जोडीच्या लाकडांवर एकच खूण केलेली असते. आकडे क्रमाने लागत असतील तर छप्पर एका हाताने, एका वेळी उभं राहिलंय. मध्येच क्रम तुटला तर तिथे दुरुस्ती किंवा वाढ.

मापं घ्यायला टेप, वही आणि एक मदतनीस पुरे. १:५० प्रमाणात प्रत्येक मजल्याचा नकाशा काढा आणि भिंतींची जाडी न विसरता लिहा. लाकडी सांगाड्याची भिंत साधारण १५ ते २० सेंटिमीटर, दीड विटेची बाहेरची भिंत सुमारे ३४. इमारतीच्या पोटातच ३४ सेंटिमीटरची भिंत निघाली, तर ती एकेकाळी बाहेरची असू शकते आणि तिच्यापुढचा भाग नंतरचा. विटांची जाडीही मोजा: सोळाव्या शतकातल्या विटा पातळ, साधारण ५ ते ५.७ सेंटिमीटर; पुढे त्या जाड होत गेल्या. १७८४ ते १८५० या काळात विटांवर नगाप्रमाणे कर होता, म्हणून काहींनी मुद्दाम मोठ्या विटा पाडल्या. एकाच थरात आळीपाळीने विटेची लांब बाजू आणि आखूड बाजू दिसत असेल तर तो फ्लेमिश बाँड, आणि इंग्लंडमध्ये त्याचं लवकरचं नावाजलेलं उदाहरण क्यू पॅलेस, १६३१ चं. साहजिकच अशी दर्शनी भिंत १३८० ची असूच शकत नाही. वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. त्यांच्या वरच्या चौकटीला खाली लोंबणारी छोटी शिंगं असतील तर ती खिडकी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली किंवा नंतरची. यातलं एकटं काहीही पुरावा नाही, विटा आणि खिडक्या दोन्ही बदलता येतात. तीन-चार खुणा एकाच काळाकडे बोट दाखवू लागल्या की मगच वहीत लिहायचं.

रचना वाचताना चौकाकडे लक्ष द्या. इंग्लिश इनचे ढोबळ दोन प्रकार मानतात: एक, रस्त्याकडे दुकानं किंवा खोल्या, मधून गाडीचा बोळ आणि आत सज्ज्यांचा चौक, दुसरा, मुख्य इमारतच रस्त्याला लागून आणि चौक नुसता कामापुरता. वाड्याची सवय असलेल्या माणसाला पहिला प्रकार लगेच उमगतो. वापर बदलत गेल्याच्या खुणाही शोधा. सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिपची 'जॉर्ज' ही हिंटनच्या कार्थुसियन मठाची. तिथे प्रवाशांइतकंच लोकरीच्या व्यापाराला महत्त्व होतं आणि वरच्या मजल्यावर लोकर साठवायचे. म्हणजे आडवा-तिडवा पसरलेला, खोल्याच नसलेला वरचा मजला दिसला तर तो "नाचघर" होता असं ठरवायच्या आधी गोदामाचा विचार करा.

लाकडाचं नेमकं वर्ष काढायची पद्धत म्हणजे वृक्षवलयं मोजणं. ओक त्यासाठी उत्तम, कारण त्याचे संदर्भ-आलेख इंग्लंडसाठी भक्कम तयार आहेत. साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीचा नमुना पोकळ ड्रिलने काढतात. एका टप्प्यासाठी आठ-दहा तरी नमुने हवेत आणि प्रत्येकात शक्यतो पन्नासहून जास्त वलयं. इथेच पुष्कळांचा हिरमोड होतो: झाड भराभर वाढलेलं असेल तर तुळई जाड आणि वलयं तीस, मग निकाल शून्य. एल्म आणि आयात केलेलं देवदार वर्गातलं लाकूड याहून अवघड.

निकाल वाचतानाही चूक होते. सालीपर्यंतचं शेवटचं वलय मिळालं तर झाड तोडल्याचं वर्ष, कधी ऋतूसुद्धा कळतो. सुतारांनी सालीलगतचं कच्चं लाकूड तासून टाकलं असेल तर अंदाज बांधावा लागतो, कारण इंग्लिश ओकमध्ये या बाहेरच्या थरात साधारण ९ ते ४१ वलयं असतात. समजा कच्चं लाकूड जिथे सुरू होतं तिथलं वलय १४३१ चं निघालं. मग तोड १४४० ते १४७२ च्या दरम्यानची. अहवालात "१४४०-७२" असतं आणि फलकावर "१४४०" जातं, हे टाळा. ओक ओला असतानाच कापून जोडायचे, त्यामुळे तोड आणि बांधकाम यांत फारतर वर्ष-दोन वर्षांचं अंतर धरतात. मात्र लाकूड दुसरीकडून आणलेलं असेल तर तुम्ही दुसऱ्याच इमारतीचं वय मोजलंत. म्हणून आधी खाचा आणि काजळी, मग ड्रिल.

आणि ड्रिलच्याही आधी परवानगी. १७०० पूर्वीची बऱ्यापैकी शाबूत इमारत जवळजवळ नक्की संरक्षित यादीत असते. तिच्यात परवानगीशिवाय वारसास्वरूप बदलणारं काम करणं हा १९९० च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. नमुने घ्यायचे असोत की गिलाव्याखाली डोकवायचं असो, स्थानिक कौन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याला आधी विचारा. मालक "तुळया घासून उजळवू" म्हणत असेल तर त्याला थांबवा. वाळूच्या माऱ्याने काजळी, सुतारांचे आकडे आणि करवतीच्या खुणा एका दुपारीत जातात.

आता कागद, आणि ते आजपासून मागे मागे. सुरुवात संरक्षित यादीतल्या नोंदीने करा. ती हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. पण तिथलं शतक अंतिम मानू नका, कारण जुन्या नोंदी बऱ्याचदा रस्त्यावरूनच इमारत बघून लिहिलेल्या आहेत. मग ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचे २५ इंची (मैलाला २५ इंच) नकाशे; ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेत. त्यांत तबेले आणि चौकाचा आकार कळतो. त्यानंतर माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित खजिना: १९१० च्या जमीन-मूल्यांकनाच्या क्षेत्रवह्या, लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, मालिका आयआर ५८. इन-पबच्या नोंदीत खोल्या, तबेला, डागडुजीची अवस्था आणि मालक असं बरंच एका जागी मिळतं.

त्याच्या मागे १८४१ पासूनची जनगणना आणि व्यापारी निर्देशिका, १८३६ नंतरचे टाइथ (चर्चच्या दशमांश कराचे) नकाशे, आणि परगण्याच्या अभिलेखागारातली १८२८ पर्यंतची मद्यपरवान्यांची पुस्तकं. इथवर रस्ता सोपा आहे. अठराव्या शतकाच्या मागे गेलात की पाटीचं नाव हाताला लागेनासं होतं आणि माणसाच्या नावाने शोधावं लागतं. १६६२ ते १६८९ च्या चूलपट्टीच्या याद्यांत इनचं नाव क्वचितच, पण इनवाल्याचं नाव आणि त्याच्याकडच्या चुलींची संख्या असते. शेजाऱ्यांकडे दोन-तीन आणि एकाकडे चौदा चुली असतील तर तो तुमचा माणूस असण्याची शक्यता चांगली.

त्याचं नाव मिळालं की मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी शोधा. सोळाव्या शतकापासून अठराव्याच्या मध्यापर्यंत या याद्या बऱ्याच टिकल्या आहेत. इनच्या याद्या वाचायला मजा येते, कारण खोल्यांना नावं असायची, 'स्टार', 'रोज', 'एंजल' अशी, आणि मोजदाद करणारे खोलीमागून खोली चालत जायचे. तुमचा १:५० चा नकाशा शेजारी ठेवा आणि त्यांच्या पावलांवरून चाला: दालन, त्यावरची खोली, गाडीच्या बोळावरची खोली, तळघर, तबेला. "बोळावरची खोली" असा उल्लेख मिळाला आणि इमारतीत ती अजून असली, तर कागद आणि लाकूड जुळलं. रिकाम्या खोल्या यादीत येत नाहीत, म्हणून खोल्यांची संख्या कमी भरली तर घाबरू नका. लंडनच्या वरिष्ठ न्यायालयात नोंदलेली १३८४ ते १८५८ ची मृत्युपत्रं प्रॉब ११ या मालिकेत ऑनलाइन मिळतात, बाकीची परगण्यात. तारखा उतरवताना एक काळजी: १७५२ पूर्वी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे कागदावरचं फेब्रुवारी १६९० म्हणजे आपलं १६९१.

पाटीच्या नावाचा उपयोग फक्त ते नाव कोणत्या वर्षाआधीचं असू शकत नाही हे ठरवायला. 'रॉयल ओक' हे नाव १६५१ च्या आधीचं असू शकत नाही, कारण वूस्टरच्या लढाईनंतर दुसरा चार्ल्स ओकच्या झाडात लपला ते त्या वर्षी. पण जुन्या इनला नवं नाव सर्रास द्यायचे, आणि उलट, पाटी आणि परवाना रस्त्यापलीकडच्या इमारतीत हलवायचेही. म्हणून १६०० च्या कागदात तुमच्या इनचं नाव सापडलं तरी ती हीच जागा आहे का, हे शेजाऱ्यांच्या हद्दींवरून पडताळा: "उत्तरेला अमक्याचं घर, दक्षिणेला गल्ली" असं खरेदीखतात लिहिलेलं असतं.

भुयाराबद्दल थोडक्यात. तळघरातली बुजवलेली कमान बहुतेक वेळा सांडपाण्याची मोरी, शेजारच्या तळघराचं दार किंवा पिंपं उतरवायचा उतार निघते. कमानीची उंची आणि तळाचा उतार मोजा. माणूस वाकून जाऊ शकत नसेल आणि तळ नदीकडे उतरत असेल तर ती मोरी. गाडीथांब्याची इन "१३८० पासून" हाही दावा खोडून टाका. भाड्याच्या प्रवासी गाड्या सतराव्या शतकातल्या. त्याआधी लोक घोड्यावर किंवा पायी यायचे.

फलकावर एकच वर्ष घालायचा आग्रह सोडा. मजकूर साधारण असा करा: "या जागेवरील इनचा पहिला ज्ञात लेखी उल्लेख अमुक साली. मागील लाकडी सोप्याचे ओक अमुक ते अमुक या काळात तोडलेले. दर्शनी वीटभिंत अठराव्या शतकातील. सध्याचे नाव अमुक सालापासून." ज्या ओळीला पुरावा नाही ती ओळ गाळा. मालक १३८० सोडायला तयार नसेल तर "परंपरेनुसार" हा शब्द त्याच्या आधी घालायला लावा, आणि तो आकडा कुठून आला हे त्यालाच विचारा. पुष्कळदा तो जुन्या दारू कंपनीच्या जाहिरातीतून आलेला असतो, आणि त्या जाहिरातीचं वर्ष सापडलं तर फलकावर तेही छान शोभेल.